झिजलेल्या गुडघ्यांचा हिशेब कोण देणार?

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एक भगिनी आल्या. नगरपालिकेच्या सफाईच्या कामावर, पण नगरपालिकेच्या नव्हे, ठेकेदाराच्या हजेरीपटावर. वय पंचेचाळीसच्या आसपास. पहाटे कचऱ्याचा भरलेला डबा घंटागाडीत रिकामा करताना ओल्या फरशीवर त्यांचा तोल गेला. पाय जमिनीला रोवलेला राहिला आणि अंग फिरले. गुडघ्यातून 'कट्' असा आवाज आला. दुपारपर्यंत गुडघा नारळासारखा सुजला. ठेकेदाराच्या माणसाने एका खासगी दवाखान्यात नेले, एक्स-रे काढला, आणि निकाल लागला: हाड मोडलेले नाही, गोळ्या घ्या, तीन दिवसांनी कामावर या. चौथ्या दिवशी त्या कामावर गेल्या, कारण न जाणाऱ्याची जागा भरली जाते. दोन-अडीच महिन्यांनी जिना उतरताना गुडघा अडकला, तो सरळ होईना. उसनवारी करून एमआरआय काढला तेव्हा कळले की आतले लिगामेंट तुटलेले आहे आणि गादी फाटलेली आहे. ठेकेदार म्हणतो, आमच्या कामावर काही झालेच नाही, एक्स-रे नॉर्मल आहे, बाईंचे वय झाले आहे.

'बाईंचे वय झाले आहे' या चार शब्दांनी किती श्रमिकांची नुकसानभरपाई आजवर बुडवली असेल, याचा हिशेब कोणाकडेही नाही. या भगिनीचा खटला चालेल, त्याचे काय व्हायचे ते होईल. परंतु हा प्रश्न एकट्या बाईचा नाही. ज्यांच्याकडे शेत नाही, दुकान नाही, बँकेत ठेव नाही, त्यांचे भांडवल म्हणजे त्यांचे हातपाय. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारा ऊसतोड कामगार, बाजार समितीतला हमाल, वीटभट्टीवर दिवसभर उकिडवी बसणारी बाई, इतरांच्या घरातली फरशी गुडघ्यावर टेकून पुसणारी मोलकरीण, उकिरड्यावर वाकून कचरा वेचणारी आजी, ही माणसे कोणत्या वस्त्यांतून येतात ते आम्ही सांगण्याची गरज नाही. ज्या जातींच्या माथी पिढ्यान् पिढ्या अंगमेहनत मारली गेली, त्यांचेच गुडघे आधी झिजतात. आणि या झिजण्याला आपण 'नशीब', 'वात' किंवा 'वय' म्हणून मोकळे होतो. दुःखाला कारण असते आणि ते कारण शोधता येते, हे ज्यांनी जगाला सांगितले त्या तथागतांचे आपण अनुयायी. आपल्या तोंडी 'नशीब' हा शब्द शोभत नाही. म्हणून आज कोर्टाच्या आधी आम्हाला गुडघ्याविषयी बोलायचे आहे.

गुडघा हा मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि पुढची वाटी यांचा सांधा. हाडांची टोके एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांच्यावर कूर्चेचे गुळगुळीत, पांढरे आवरण असते. शाळेच्या पुस्तकात तिलाच कास्थी म्हणतात. ही कूर्चा जेमतेम काही मिलिमीटर जाड असते. तिच्यात बहुतांश पाणी असते आणि त्या पाण्याला धरून ठेवणारे चिवट धाग्यांचे जाळे असते. दोन हाडांच्या मध्ये आतल्या व बाहेरच्या बाजूला अर्धचंद्रासारख्या दोन गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. त्या अंगाचा भार वाटून घेतात. हाडे जागच्या जागी राहावीत म्हणून चार मुख्य दोर असतात, ती लिगामेंट्स. दोन सांध्याच्या आत एकमेकांना छेदून जाणारी, दोन दोन्ही बाजूंना. या सगळ्याला आतून वंगण घालणारा एक पातळ द्रव असतो आणि बाहेरून सांभाळणारे मांडीचे स्नायू असतात.

यातली एक गोष्ट प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नाही आणि तिच्यात दुःख जाणवणाऱ्या नसाही नाहीत. या एका वाक्यात गुडघ्याची सारी शोकांतिका आहे. नसा नाहीत म्हणून झीज सुरू होते तेव्हा दुखत नाही. दुखू लागते तोवर बरेच गमावलेले असते. रक्तपुरवठा नाही म्हणून कातडीची जखम जशी भरून येते तशी मोठ्या माणसाची कूर्चा भरून येत नाही. मेनिस्कसच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्त पोहोचते. तिथली फाट टाका घालून जुळू शकते, आतली सहसा जुळत नाही. मग कूर्चा जगते कशावर? ती स्पंजासारखी आहे. पाऊल टाकले की दाबली जाते, पाऊल उचलले की फुगते आणि सांध्यातला द्रव शोषून घेते. म्हणजे हालचाल हेच तिचे अन्न. 'चालू नका, गुडघे झिजतील' हा सल्ला म्हणूनच चुकीचा आहे. बेताने चालणाऱ्याची कूर्चा उपाशी राहत नाही, खाटेवर पडून राहणाऱ्याची राहते. कूर्चेला मारक ठरतात त्या गोष्टी वेगळ्या: पेलवणार नाही एवढे ओझे, तासन् तास उकिडवे बसणे किंवा गुडघे टेकणे, वाढलेले वजन, आणि उपचार न झालेली जुनी दुखापत.

सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो, जिन्यावर त्याहून अधिक. आता त्यात डोक्यावरच्या पोत्याची भर घाला. सिमेंटचे पोते ५० किलोचे असते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याची जी कमाल मर्यादा सुचवली ती ५५ किलोची होती, आणि स्त्रियांसाठी ती बरीच कमी असावी असेही म्हटले होते. आपल्या फडावर आणि फलाटावर ही मर्यादा कोण मोजतो? उलट बाजूने पाहिले तर हाच हिशेब उपयोगाचा आहे. गुडघेदुखीच्या स्थूल माणसाचे वजन १ किलोने उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने उतरतो, असे अमेरिकेतील एका अभ्यासात २००५ साली दिसून आले.

आता दुखापत झाली तर ओळखायची कशी? पाय रोवलेला असताना अंग फिरले, 'कट्' आवाज आला, दोन-चार तासांतच गुडघा टम्म सुजला आणि नंतर चालताना तो 'दगा देतो' असे वाटू लागले, तर आतले लिगामेंट तुटल्याचा संशय घ्यावा. सूज दुसऱ्या दिवशी आली, उकिडवे बसताना कळ येते, गुडघा मध्येच अडकतो, तर गादी फाटल्याचा संशय घ्यावा. आणि आता सर्वांत महत्त्वाचे: एक्स-रेमध्ये हाड दिसते. कूर्चा, गादी आणि लिगामेंट एक्स-रेमध्ये दिसत नाहीत. म्हणून 'एक्स-रे नॉर्मल' याचा अर्थ 'हाड मोडलेले नाही' एवढाच होतो, 'इजा नाही' असा होत नाही. जाणकार डॉक्टर हाताने तपासूनही बरेच ओळखतो आणि गरज पडल्यास एमआरआय सांगतो. आमच्या भगिनीच्या बाबतीत नेमकी इथेच फसवणूक झाली. आंधळ्या साक्षीदाराला उभे करायचे आणि त्याने काही पाहिले नाही म्हणून गुन्हाच घडला नाही असे म्हणायचे, त्यातला हा प्रकार आहे.

पहिल्या दोन-तीन दिवसांत काय करावे? काम थांबवावे, पाय उशीवर उंच ठेवावा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा आणि काढावा, घट्ट न आवळता पट्टी बांधावी. या दिवसांत मालिश नको, शेक नको, आणि 'लचक भरली आहे, ओढून देतो' म्हणणाऱ्याच्या हाती पाय देणे तर मुळीच नको. पाय टेकवतच नसेल, गुडघा अडकून बसला असेल किंवा वाकडा दिसत असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सांधा लाल, गरम झाला आणि सोबत ताप आला तर एक रात्रही थांबू नये. सांध्यात जंतूंचा पू झाला तर काही दिवसांत कूर्चा नष्ट होते.

लिगामेंट तुटलेल्या प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. कित्येकांचा गुडघा व्यायामाने सावरतो. परंतु दुर्लक्ष केले तर त्याची किंमत पुढे मोजावी लागते. लिगामेंट किंवा गादीला मोठी इजा झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना १० ते २० वर्षांत त्याच गुडघ्याचा संधिवात गाठतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. म्हणजे विसाव्या वर्षी कबड्डीच्या मैदानात पडलेला मुलगा पस्तिशीत म्हातारा होतो. कबड्डी हा आपल्या वस्त्यांचा खेळ. चढाई करणाऱ्याचा घोटा धरला जातो आणि गुडघ्याला पीळ बसतो. आपल्या मंडळांनी जर्सीवर आणि ढोल-ताशावर जेवढा खर्च होतो त्यातला थोडा फिजिओथेरपिस्टवर करावा. पोलीस भरतीच्या तयारीतल्या मुलामुलींचेही तेच. १६०० आणि ८०० मीटरची धाव मारायची म्हणून जाहिरात निघाल्याबरोबर डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत, पहिल्याच दिवशी पाच-पाच किलोमीटर पळायचे आणि महिन्यात गुडघा धरून बसायचे, हे आम्ही दर भरतीला पाहतो. धावणे वाईट नाही. पण मातीच्या मैदानावर धावावे, अंतर आठवड्याला थोडे थोडे वाढवावे आणि मांडीचे स्नायू आधी तयार करावेत. मुलींमध्ये हे लिगामेंट तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त असते. तेव्हा उडी मारून उतरताना गुडघे आत वळू न देण्याचा सराव त्यांच्याकडून आवर्जून करून घ्यावा. नोकरीची एकुलती एक वाट गुडघ्यावरून जात असेल तर तो गुडघा जपणे हीसुद्धा परीक्षेची तयारीच आहे.

विदर्भातील वाचकांना एक वेगळी गोष्ट सांगितली पाहिजे. सिकलसेल हा आजार आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत मोठ्या प्रमाणावर आहे, हे आता लपलेले नाही. या आजारात विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्या अडवतात. खुब्याच्या सांध्यातला मांडीच्या हाडाचा गोळा अशा वेळी रक्ताविना मरू लागतो. गंमत अशी की खुब्यातले दुखणे कित्येकदा गुडघ्यात जाणवते. मुलगा 'गुडघा दुखतो' म्हणतो, गुडघ्याचा एक्स-रे निघतो, तो नॉर्मल येतो, आणि खुबा मात्र खचत राहतो. तेव्हा तरुण मुलगा किंवा मुलगी लंगडू लागली, मांडी घालता येईना, तर खुबा तपासून घ्या आणि सिकलसेलची रक्ततपासणी करा. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही सिकलसेलचा समावेश आहे. या दोन्हींचा लाभ मागून घ्यावा लागतो, घरी चालत येत नाही.

वयाबरोबर होणारी झीज, जिला डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात, ती जगभर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ साली जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना हा आजार होता, त्यात सुमारे ६० टक्के स्त्रिया, आणि सर्वाधिक बाधित सांधा गुडघाच. आमवात हा मात्र निराळा रोग. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते, बोटांचे लहान सांधे दोन्ही हातांना सुजतात आणि सकाळचा आखडलेपणा तासाभरापेक्षा अधिक टिकतो. त्याची औषधे वेगळी आणि ती लवकर सुरू करावी लागतात. दोघांनाही 'वात' म्हणून एकाच तेलाने चोळत बसण्यात आपली वर्षे वाया जातात.

आणि इथेच दुखण्याचा बाजार उभा राहतो. आठवडी बाजारातली पुडी, दूरदर्शनच्या वाहिन्यांवरचे 'गुडघ्याची गादी पुन्हा तयार करणारे' चूर्ण, दर महिन्याला सांध्यात टोचलेले इंजेक्शन. ऐकीव गोष्ट मानू नका, पारखून घ्या, असे कालामांना सांगणाऱ्या बुद्धाची शिकवण इथे वापरावी. पारखलेले काय सांगते? ग्लुकोसामाईन या लोकप्रिय गोळीची अमेरिकेत मोठी चाचणी झाली, २००६ साली तिचा निष्कर्ष आला. एकूण रुग्णांत ती गोळी औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा फारशी सरस ठरली नाही. झिजलेला गुडघा दुर्बिणीने धुऊन काढण्याच्या शस्त्रक्रियेची २००२ साली चाचणी झाली. काही रुग्णांना खरी शस्त्रक्रिया, काहींना नुसती वरवर चीर. दोघांना सारखाच आराम. स्टेरॉईडचे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी दोन वर्षे दिलेल्या रुग्णांची कूर्चा, नुसते खारे पाणी टोचलेल्यांपेक्षा जास्त झिजली आणि दुखणे काही कमी झाले नाही, असे २०१७ साली दिसले. एखादे इंजेक्शन योग्य वेळी डॉक्टर देतील तर ते वेगळे, पण पगाराच्या दिवशी इंजेक्शन टोचून घ्यायचे आणि महिनाभर ओझे उचलायचे हा आत्मघात आहे. नाव नसलेल्या पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेले अनेकदा सापडले आहे. दोन दिवसांत चमत्कार होतो, पुढे हाडे पोकळ होतात आणि साखर वाढते. रोज दुखण्याची गोळी खाणाऱ्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

मग खरा उपाय कोणता? तो फुकट आहे, म्हणूनच त्याची जाहिरात होत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूला बळ देणे. खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, पाच आकडे मोजेपर्यंत धरावा, सावकाश खाली आणावा, असे दहा वेळा, दिवसातून दोनदा. पाठीवर झोपून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि ती दाबावी. रोज सोसेल तेवढे चालावे. काठी वापरायची तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. आपल्यातले बहुतेक लोक ती उलट धरतात. घरकाम करणाऱ्या भगिनींनी फरशी पुसायला लांब दांड्याचा पोछा मागावा. तो मालकिणीचा उपकार नाही, कामाचे अवजार आहे. इतके करूनही रात्रीची झोप जात असेल, चार पावले चालवत नसेल, तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया हा चांगला उपाय आहे, त्याला भिऊ नये. परंतु हिशेब मागावा. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या कमाल किमती ठरवल्या, तेव्हा सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सांध्याची सरासरी किंमत १,५८,३२४ रुपयांवरून ५४,७२० रुपयांवर आली. याचा सरळ अर्थ असा की तोवर वरचे लाख रुपये रुग्णाच्या खिशातून विनाकारण जात होते. म्हणून बिलात सांध्याची किंमत आणि कंपनीचे नाव वेगळे लिहून मागा, आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कोणत्या रुग्णालयात काय मिळते ते भरती होण्याआधी विचारा.

आता कायद्याकडे येऊ. कामगाराच्या दुखापतीची भरपाई हा मालकाचा दानधर्म नाही. १९२३ च्या कायद्यापासून तो हक्क आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्यावरचा प्रा. अडारकरांचा अहवाल १९४४ साली त्यांच्याच कारकिर्दीत आला आणि त्यातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९२३ चा भरपाई कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. अपघात कोणत्या तारखेला झाला यावर कोणता कायदा लागू होतो हे ठरेल, ते वकिलाकडून समजून घ्यावे. पण गाभा तोच आहे: काम करताना आणि कामामुळे झालेल्या इजेची जबाबदारी मालकाची, आणि माणूस ठेकेदाराचा असला तरी मुख्य मालकाला हात झटकता येत नाहीत.

भरपाईत मोजायचे असते ते शरीर नव्हे, कमावण्याची ताकद. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या प्रकरणात डावा हात कोपराच्या वरून गमावलेल्या सुताराला सर्वोच्च न्यायालयाने शंभर टक्के अपंगत्व मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. हाच न्याय गुडघ्याला लावून पाहा. कारकुनाचा गुडघा गेला तर त्याची खुर्ची जात नाही. हमालाचा गेला तर त्याचा धंदाच जातो. 'गुडघ्याला फक्त वीस टक्के अपंगत्व' असा दाखला घेऊन आपले लोक कोर्टातून परततात. त्यांनी विचारायला हवे: वीस टक्के गुडघा गेल्यावर पोते वीस टक्के हलके होते काय?

पण हक्क कागदावर उभा राहतो, म्हणून पहिल्या दिवसाचा कागद जपा. सरकारी रुग्णालयात जा आणि केस पेपरवर 'कामावर असताना, अमुक ठिकाणी, अशा प्रकारे इजा झाली' असे डॉक्टरांकडून लिहून घ्या. 'घरी पडलो' असे सांगायला मुकादम शिकवेल, ते सांगू नका. त्या एका ओळीने खटला बुडतो. मालकाला आणि मुख्य मालकाला अपघाताची लेखी खबर द्या, पोच घ्या. हजेरीचा पुरावा, ओळखपत्र, पगार जमा झाल्याचे बँकेचे पान, सोबत असलेल्या दोघांची नावे, एवढे जपा. दुखणे राहिले तर पुन्हा त्याच रुग्णालयात जाऊन नोंद करा. दाव्याला मुदत असते, 'साहेब बघू म्हणालेत' यावर ती थांबत नाही.

आणि जे अपघाताने नव्हे, तीस वर्षांच्या ओझ्याने झिजले, त्यांचे काय? इथे कायदाच मुका आहे. ब्रिटनने २००९ साली कोळसा खाण कामगारांच्या गुडघ्याची झीज हा व्यवसायजन्य रोग मानला, आणि २०१२ साली फरशी व गालिचे बसवणाऱ्यांना त्यात घेतले. जर्मनीनेही २००९ साली गुडघे टेकून आयुष्यात किमान १३,००० तास काम केलेल्यांच्या झिजेला मान्यता दिली. तिथे कामाचे तास मोजले जातात. आपल्या यादीत काय आहे? साखर कारखान्यात उसाच्या चोथ्याच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग, बगॅसोसिस, आपल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे. तो असलाच पाहिजे. परंतु तोच ऊस तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावर वाहून ज्याचा गुडघा गेला, त्याच्या गुडघ्याला त्या यादीत जागा नाही. चोथा दिसला, माणूस दिसला नाही. यादीत भर घालायला नवा कायदा करावा लागत नाही, अधिसूचना काढून भर घालण्याची सोय कायद्यातच आहे. गरज आहे ती मागणी करणाऱ्यांची. महार वतनाच्या काळी वेठबिगाराची पाठ कोणी मोजली नाही. आज संविधान हाती असताना त्याच्या नातवाचा गुडघाही कोणी मोजत नसेल, तर दोष एकट्या सरकारचा नाही. आपल्या संघटनांच्या मागणीपत्रात हा मुद्दा कधी होता, ते आम्हीही आमच्या मनाला विचारून पाहिले. उत्तर समाधानकारक नाही.

शेवटी घरचे दोन शब्द. आपल्या विहारात वंदनेला ज्येष्ठ माणसे येतात, मांडी घालवत नाही म्हणून दाराशी उभी राहतात आणि हळूहळू यायची बंद होतात. भिंतीलगत दहा खुर्च्या ठेवा. खुर्चीत बसल्याने त्रिसरण कमी होत नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर तासन् तास रांगेत उभ्या राहणाऱ्या आज्यांसाठी पुस्तकांच्या आणि भोजनाच्या दालनांशेजारी गुडघे तपासणारे एक दालन असावे. आपल्या समाजात आता अस्थिरोगतज्ज्ञ आहेत, फिजिओथेरपिस्ट आहेत, वकील आहेत. एका टेबलावर डॉक्टर आणि शेजारच्या टेबलावर वकील बसला तर एका दिवसात कित्येक केस पेपर नीट लिहिले जातील.

बाबासाहेब स्वतः मधुमेहाने आणि पायांच्या वेदनांनी त्रस्त होते. संविधानाचे काम चालू असतानाचेच ते दिवस. आपण त्यांचे कष्ट भाषणांतून सांगतो, पण हे विसरतो की त्यांनी दुखण्याला नशीब म्हटले नाही, डॉक्टरांकडे गेले, उपचार घेतले. सोसत राहणे हा आपला वारसा नाही. आमच्या त्या भगिनी परवा तारखेला आल्या होत्या, काठी घेऊन. काठी दुखऱ्या पायाच्याच बाजूला धरली होती. आम्ही ती दुसऱ्या हातात दिली. जिना चढून वर आल्यावर म्हणाल्या, 'साहेब, थोडं हलकं वाटतंय.' खटल्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. तोवर एवढे ज्ञान तरी घरोघर पोहोचवणे आपल्या हातात आहे.

जय भीम!